पहाटेसाठी एक खाच

आमच्या घरातला एक माणूस सकाळ करायला जातो. इतरांकडची माणसं कचेरीत जातात, दुकानात जातात. आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, दुपारचं जेवण झालं की चष्मा पुसतात, गळ्यात काळा मफलर टाकतात आणि सकाळ करायला निघतात. कधी संध्याकाळ करतात, कधी नुसतं चांदणं. वाचनालयाच्या मागे एक छोटं नाट्यगृह आहे, तिथले दिवे त्यांच्या हाती आहेत. तिथली माणसं त्यांना उजेडराव म्हणतात. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर येतं, आणि तिथेही उजेडरावच शोभलं असतं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि भर दुपारी भाऊजी आत खिडक्या लावून बसले होते. हातात टॉर्च, टॉर्चच्या तोंडावर लिमलेटच्या गोळीचा नारंगी कागद. मला बघून म्हणाले, "वहिनी, जरा तिथेच उभ्या राहता का? तुमच्यावर संध्याकाळ कशी पडते बघायचंय." नवी सून म्हणून मी बरंच काही ऐकायची तयारी ठेवली होती, हे ऐकायची नव्हती. उभी राहिले. भिंतीवर माझी सावली हळूहळू लांब झाली, खोलीत खरंच दिवेलागण झाल्यासारखं वाटलं, आणि का कोण जाणे, मला माहेरचा जिना आठवला. भाऊजी आपल्याशीच पुटपुटले, "अजून थोडी हळू हवी."

त्यांच्या लग्नाचा विषय निघाला की भाऊजी म्हणायचे, "संध्याकाळी मी घरात नसतो. ती बिचारी बोलेल कुणाशी?"

"अरे, दिवसा बोलेल," आमचे हे म्हणायचे.

"दिवसा मी सकाळचा विचार करत असतो दादा."

हे शाळेत भूगोल शिकवतात. दोघा भावांचं एकमेकांवर फार प्रेम, आणि ते टोमण्यांतूनच बाहेर पडतं. "मी वर्गात घसा कोरडा करून सांगतो की पृथ्वी फिरते म्हणून उजाडतं," हे म्हणतात, "आणि इकडे सख्खा भाऊ सूर्याला दांड्याला धरून वर ओढतोय."

दांडे खरोखरच होते. नाट्यगृहात मागच्या दाराच्या वर एक खोपटीवजा खोली आहे, लोखंडी शिडीने चढून जायचं. तिथे काचेसमोर जुनं लोखंडी कपाट होतं, त्यावर दांड्यांची रांग, प्रत्येक दांडा एकेका दिव्याचा. कधीकधी मी चहाची किटली घेऊन वर जायची आणि स्टुलावर बसून राहायची. काळोख, कपाटाची बारीक घुमघुम, समोर काचेपलीकडे लहानशी उजळलेली जागा, जणू दुसऱ्या कुणाच्या स्वप्नात डोकावावं. भाऊजींच्या डाव्या मनगटाला एक दोरी बांधलेली असायची. ती छताच्या आकड्यांवरून पार रंगमंचाच्या बाजूला जायची. तिचं दुसरं टोक बाईंच्या हातात. बाई म्हणजे नाट्यगृह सांभाळणाऱ्या आणि नाटकंही बसवणाऱ्या, सगळ्यांच्याच बाई. एक झटका म्हणजे तयार राहा, दोन झटके म्हणजे सुरू. कानात घालायची यंत्रं आली, फोन आले, बाईंनी दोरी सोडली नाही. त्या म्हणतात, "दोरी खोकत नाही, आणि उलट विचारत नाही."

दोन झटके आले की भाऊजी डोळे मिटायचे. हो, मिटायचे. श्वासागणिक एकेक दांडा केसभर सरकायचा. "वहिनी, उजाडताना कुणाला दिसता कामा नये," ते म्हणायचे. "एकदम लक्षात यावं की अरे, उजाडलंय." मी कितीदा डोळ्यांत तेल घालून बसले, पण तांबडं फुटण्याचा तो क्षण मला कधी पकडता आला नाही. नेमकी तेव्हाच पापणी लवते, नाहीतर मन कुठेतरी गेलेलं असतं.

यंदा ते कपाट गेलं. तालमीत जळका वास आला, घुमघुम थांबली आणि सगळी मंडळी अंधारात एकमेकांना हाका मारत उभी राहिली. दुरुस्त करणारा कुणी उरला नव्हता. नाट्यगृहाने नवे दिवे बसवले. रंगमंचाजवळ एक डबा आला, आणि त्या डब्याला हुकूम द्यायला वर हवा होता लॅपटॉप.

बाई स्वतः शिडी चढून वर आल्या. "लॅपटॉप तुम्ही तुमच्या पसंतीचा घ्या, उजेडराव. पण नव्या नाटकाच्या पहिल्या खेळापर्यंत तुमचं आणि त्याचं जमलं पाहिजे. नाही जमलं, तर दिव्यांचं काम मला बाहेरच्या कंपनीला द्यावं लागेल. त्यांचा माणूस येतो, एक बटण दाबतो आणि जातो."

"आणि पहाट?"

"तीही त्याच बटणात असते म्हणे."

 त्या दिवशी घरी येऊन भाऊजींनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर सरकत जाणारा उन्हाचा तुकडा पार खिडकीबाहेर जाईपर्यंत बघितला, आणि आमटी पुन्हा गरम करायला लागली.

नव्या नाटकाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच होतं. एक आई रात्रभर घरात मुलीची वाट बघत असते. मुलगी भांडून गेलेली. आई तिच्याशी मनातल्या मनात बोलते, रागावते, समजूत घालते. शेवटी उजाडतं, आणि दिसतं, की मुलगी कधीचीच येऊन दारासमोरच्या पायरीवर बसली आहे. आत यायचा धीर झाला नाही म्हणून. ती एक शब्द बोलत नाही. तिला फक्त दिसायचं असतं. म्हणजे नाटकाचा शेवट बाईंनी लिहिलेला असला तरी करायचा भाऊजींनी.

दुकानात मी बरोबर गेले. एकटे गेले असते तर ते तिथल्या छतावरच्या दिव्यांकडेच बघत बसले असते. काउंटरवर आखूड केसांची एक मुलगी होती, चटपटीत, पण घाई नसलेली. तिने पहिला प्रश्न अगदी मुद्द्याचा विचारला.

"काका, याला काय काय जोडणार आहात?"

"दिवे," भाऊजी म्हणाले.

"घरातले?"

"नाही. चंद्र वगैरे."

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाट्यगृहातले दिवे, आणि एक पाटी. पाटी म्हणजे नव्या दिव्यांबरोबर आलेला चपटा फळा, त्यावर बोटाने सरकवायच्या गुंड्या असतात. दांड्यांची सवय असलेल्या हातांना तेवढाच आधार.

मुलीने दोन लॅपटॉप पुढे ठेवले. पहिला जाडजूड, दोन्ही बाजूंनी खाचाच खाचा, चार खिशांचं जाकीट घातल्यासारखा. तिने बोट ठेवून ओळख करून दिली. या रुंद खाचा पेन ड्राइव्ह, माउस असल्या नेहमीच्या पिनांसाठी, ही चौकोनी इंटरनेटच्या वायरची, ही टीव्हीला जोडायची, ही बारकी हेडफोनची, आणि ही गोल चार्जिंगची. दुसरा लॅपटॉप पातळ, रुपेरी, उचलला तर रिकामं ताट उचलल्यासारखा. त्याला दोनच खाचा, तिळाएवढ्या. "बाकी सगळं याचं हवेतून चालतं काका. वायरलेस. पण आधी घरी जाऊन बघून या, तुम्हाला काय काय जोडावं लागतं. मग ठरवा."

इतका शहाणा सल्ला. पण भाऊजींचं लक्ष नव्हतं. "जरा काळं दाखवता?" त्यांनी विचारलं.

"काय काळं?"

"पडद्यावर. नुसतं काळं."

तिने दोन्ही पडदे काळे केले. भाऊजींनी मफलर डोक्यावरून घेतला, दोन्ही लॅपटॉप त्याच्या आत ओढले आणि वाकून आत शिरले. येणारेजाणारे बघायला लागले. मी छताकडे बघत उभी राहिले. वर्षानुवर्षं या घरात राहून मला एवढं जमतं. आतून आवाज आला, "वहिनी, या जाड्याचा काळोख राखेसारखा आहे. आणि हा बघा. विहीर आहे विहीर."

त्यांचंही खरं होतं. वरच्या खोलीत अंधाराला सरावलेल्या डोळ्यांसमोर करडा पडदा भगभगत राहिला तर रंगमंचावरची फिकी पहाट दिसायचीच नाही. पण नुसतं तेवढंच नव्हतं. आयुष्यभर उजेड केलेल्या माणसाला बाजारात अस्सल अंधार मिळाला होता, आणि तो त्याच्यावर भाळला होता. विहीर घरी आली.

पुढचे काही दिवस फार छान गेले. रिकाम्या नाट्यगृहात तालमी चालल्या. एका खाचेत चार्जर, दुसऱ्या खाचेत छोटी जोडपिन लावून पाटी, आणि दिव्यांना हुकूम हवेतून. दिवे बसवणाऱ्यांनी खालच्या डब्यापासून वरपर्यंत एक निळी वायर आणून खिळ्याला गुंडाळून ठेवली होती, वेळ पडली तर असावी म्हणून. तिचं पारदर्शक टोक लावायला या लॅपटॉपला जागाच नव्हती. "रुमाल वाळत घालायला होईल," भाऊजी म्हणाले. बोटाने गुंडी सरकली की समोर आकाश फटफटायचं. कुठेही अडखळणं नाही. पायरीवरची मुलगी अशी अलगद दिसायला लागायची, की जणू ती आपल्याला आठवते आहे.

मग रंगीत तालीम झाली. बाईंनी आसपासच्या लोकांना आणि कॉलेजच्या मुलामुलींना फुकट बोलावलं होतं. सभागृह गच्च भरलं. मी किटली घेऊन वर होते. काचेतून बघितलं तर खाली अंधारात जागोजागी फोन उजळत होते, विझत होते, काजव्यांसारखे. मला ते सुंदरच वाटलं.

आईचं शेवटचं बोलणं सुरू झालं. दोरीला एक झटका आला. मग दोन. भाऊजींनी डोळे मिटले. पहाट निघाली. निळसर, मग राखी, मग दाराच्या चौकटीला एक फिकट रेघ. आणि तिथेच थांबली.

भाऊजींनी डोळे उघडले. गुंडी सरकत होती, लॅपटॉपच्या पडद्यावर उजेडाचा आकडा चढत होता, समोर मात्र तीच राखी रेघ. त्यांनी गुंडी खाली आणून पुन्हा वर नेली. काही नाही. दोरीला झटके यायला लागले, दोन, पुन्हा दोन, मग नुसतीच ओढ. त्यांचं मनगट उचललं जात होतं आणि ते तसेच बसले होते, दुसऱ्या हाताचं बोट गुंडीवर ठेवून. खाली आई अर्धवट उजाडलेल्या घरात बोलत राहिली. शब्द संपले तेव्हा ती दाराकडे बघत नुसती उभी राहिली. पायरी काळोखात होती. मुलगी तिथे बसली होती हे मला माहीत होतं, भाऊजींना माहीत होतं, बाईंना माहीत होतं. बाकी कुणालाच नाही. शेवटी पडदा पडला.

टाळ्या फार झाल्या. लोक डोळे पुसत बाहेर पडले. "आलीच नाही गं ती," खालच्या दारातून जाताना एकजण मैत्रिणीला सांगत होती.

बाई वर आल्या, धापा टाकत. "काय झालं काय?"

"माहीत नाही. ऐकलंच नाही त्याने."

बाई शिडीच्या वरच्या पायरीवर टेकल्या. दम खाऊन म्हणाल्या, "एक सांगू? लोक रडले, उजेडराव. असंच ठेवू या का? अर्धं उजाडलेलं?"

भाऊजी मनगटाची दोरी सोडत होते. "बाई, मुलगी आली होती," ते म्हणाले. "एवढ्या लांबून येऊन पायरीवर बसली होती. तिच्या आईला वाटलं, आलीच नाही."

 बाई उठल्या. "ठीक आहे. मग पहिल्या खेळाला ती दिसली पाहिजे. त्या दिवशी नाही दिसली, तर मी कंपनीला फोन करणार. मला पुन्हा असं दोरी ओढत उभं राहवणार नाही."

घरी भाऊजी जेवले नाहीत. मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून त्याच्या विहिरीत बघत बसले. यांनी दारातून डोकावलं. सगळी हकिगत मी सांगितलीच होती.

"रिकामं असताना चालतं, भरलं की चालत नाही?" यांनी विचारलं.

"हो."

"मग आमच्या वर्गासारखंच की. वर्ग रिकामा असला तर खडू पडलेला ऐकू येतो. मुलं भरली की माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. एवढे फोन सभागृहात, सगळे हवेतूनच बोलणार. त्यात तुझा सूर्य कुठेतरी मागच्या बाकावर हात वर करून बसलेला."

भाऊजींनी मान वर केली. दादाचा टोमणा पहिल्यांदाच त्यांना सरळ कामाला आला असावा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून एक डबी आणली. एका तिळाएवढ्या खाचेत ती लावायची, मग डबीच्या अंगावर नेट, चार्जर, पाटी, सगळ्यांच्या खाचा. मला वाटलं, सुटला प्रश्न. पण भाऊजींना तिची परीक्षा घ्यायची होती. जेवणाच्या टेबलावर त्यांनी वरची खोली मांडली. पडदे ओढले, दिवा घालवला, मनगटाला पायजम्याची नाडी बांधून दुसरं टोक यांच्या हातात दिलं.

"मी काय करायचं?" यांनी विचारलं.

"तू बाई हो."

"या वयात?"

"दादा, दोन झटके दे फक्त. वहिनी, तुम्ही नेहमीसारख्या चहा घेऊन या. अंधारातच."

मी चहा घेऊन आले. वर शिडीवरून चढावं तशी सांभाळून. यांनी झटके दिले. भाऊजींचे डोळे मिटले, हात पाटीवर सरकायला लागले, पडद्यावर आकडा चढू लागला, आणि माझ्या पदराचं टोक त्या लोंबत्या डबीला लागलं. लागलं म्हणजे अगदी पुसटसं. आकडा गेला, पाटीचे हिरवे ठिपके गेले, आणि मी दचकल्याने अर्धा कप चहा यांच्या मांडीवर गेला.

"बाई भाजल्या!" हे ओरडले.

आम्ही दिवा लावला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, यांच्यासुद्धा. भाऊजी मात्र डबी तळहातावर घेऊन बघत होते. "सगळं घर एका खुंटीला टांगलंय हिने," ते म्हणाले. "खुंटी हलली की सगळंच खाली."

"मग आता?" मी विचारलं.

"आता ती मुलगी म्हणाली होती ते करायचं. काय काय जोडायचंय, ते बघून घ्यायचं." मग थोडं थांबून, "आणि काय नाही जोडायचं, तेही."

दुकानात वस्तू बदलून देण्याची मुदत अजून होती. भाऊजींनी कापडी पिशवीत सगळं भरलं, पाटी, तिची पिन, आणि बाईंना विचारून खिळ्यावरून सोडवलेली ती निळी वायर. आखूड केसांच्या मुलीने आम्हाला ओळखलं. विसरणं कठीणच होतं.

"काळं आवडलं नाही का काका?"

"काळं फार आवडलं. पण त्याला कान नाहीत." त्यांनी पिशवी काउंटरवर मोकळी केली. "आता एकेक सांगा. मी सांगतो, हवं की नको."

तिने जाडा लॅपटॉप पुढे ओढला. तिलाही मजा वाटू लागली असावी. "ही टीव्हीला जोडायची खाच. मोठ्या पडद्यावर दाखवायला."

भाऊजींनी डोळे मिटले. वरच्या खोलीत पहाट करताना बसतात तसे बसले. "नसली तरी मुलगी दिसेल."

"कोण मुलगी?"

"पायरीवरची," मी म्हटलं. "तू विचार पुढे."

"हेडफोनची?"

"नको. मला दोरी आहे."

तिने माझ्याकडे बघणं सोडून दिलं होतं. "रुंद खाचा? या आहेत तीन."

"पाटीला एक. नसली तर नाही दिसणार मुलगी. दुसरी असू द्या, एक कधी ढिली झाली तर." त्यांनी पाटीची पिन स्वतः लावून बघितली. काढली, पुन्हा लावली, बोटाने हलवून बघितली. कुलपाला किल्ली लावावी तसा बारीक आवाज आला. ते खूश झाले.

"मेमरी कार्डाची?"

"नाही लागत."

"चार्जिंगची वेगळी आहे, गोल."

"हवी. तिने कुणाच्या जागेवर बसायला नको." मग त्यांनी निळी वायर हातात घेतली. तिचं पारदर्शक टोक त्या चौकोनी खाचेत सरकवलं. टक्. त्यांनी वायर ओढून बघितली. आली नाही. "ही," ते म्हणाले. "बाकी काही नसलं तरी ही. हवेत गर्दी असते हो. वायरमध्ये आम्ही दोघंच."

आतल्या केबिनमधून मालक बाहेर आला, बदलून देण्यावरून थोडं कुरकुरला. मुलीने त्याला काय सांगितलं कोण जाणे, परत येऊन म्हणाली, "झालं. पण काका, तुमचा अंधार जाईल. याचा पडदा करडाच आहे."

ते खरंच दुःख होतं.  रुपेरी लॅपटॉप दुकानात ठेवताना भाऊजींनी त्याचं झाकण असं मिटलं, की मला बाजूला बघावंसं वाटलं.

मी जुन्या छत्र्या टाकत नाही. त्यातली एक काढली, यांची, काड्या मोडलेली. काळं कापड उसवून मशिनवर बसले आणि लॅपटॉपच्या पडद्यासाठी एक झापड शिवली, समोर फक्त आकड्यापुरती खिडकी ठेवून. दोनदा उसवावी लागली, खिडकी तिरकी यायची. भाऊजींनी ती चढवून दिवा घालवला. "राख झाकली गेली," ते म्हणाले. "विहीर नाही. पण चालेल."

"माझी छत्री," हे म्हणाले.

"दादा, तू आता दिव्यांच्या खात्यात आहेस."

पहिला खेळ दुपारचा होता. त्या दिवशी मी वर गेले नाही. म्हटलं, आपला पदर खालीच बरा. हे आणि मी मधल्या रांगेत बसलो. सभागृह रंगीत तालमीपेक्षाही भरलं होतं. मागे उभी असलेली माणसंसुद्धा होती. बंद करा म्हणून सांगूनही मांडीमांडीवर फोन उजळत होते. बाहेर टळटळीत ऊन, आत रात्र. यांनी माझा हात धरला. सार्वजनिक ठिकाणी हे असं कधी करत नाहीत.

आई रात्रभर बोलली. मी ऐकत नव्हते. मला वरच्या खोलीतला तो चौकोन दिसत होता, झापडीच्या खिडकीतला आकडा, निळी वायर, मनगट. मी ठरवलं होतं की आज पायरीवरून नजर काढायची नाही. आज त्या क्षणाला पकडायचंच. पायरी काळी होती. काळी होती. दाराच्या चौकटीला फिकट रेघ आली, तिथे ती मागच्या वेळी थांबली होती. आईने एक वाक्य म्हटलं, साधंच, जेवण झाकून ठेवलंय असलं काहीतरी, आणि मला माझी आई आठवली, ओट्याशी पाठमोरी उभी असलेली. मी उशिरा आले तरी मागे वळून न बघता म्हणायची, हात धू आधी. किती वेळ मी तिथे होते कोण जाणे. परत आले तेव्हा सकाळ होती. पायरीवर मुलगी बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून, तिच्या पायाशी पिवळं ऊन. ती आत्ता आली असं वाटत नव्हतं. ती कधीचीच होती.

सभागृहात कुणीतरी हळूच "अगं बाई" म्हणालं.

"कधी उजाडलं?" यांनी कानाशी विचारलं.

"मी नव्हते," मी म्हटलं. यांना समजलं नाही, आणि मलाही समजावता आलं नसतं.

लोक पांगल्यावर आम्ही मागच्या दाराशी थांबलो. भाऊजी अजून वरच होते. बाई रंगमंचावरून त्या रिकाम्या खुर्च्यांमधून चालत आल्या, दोरी गुंडाळत गुंडाळत, आणि शिडीखाली उभ्या राहून वर बघून ओरडल्या, "उजेडराव!"

काचेमागे मफलर हलला.

"पुढचं नाटक वाचून ठेवलंय मी. त्यात पहाट नाही, रात्र नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत भर दुपार. जमेल का?"

मफलर हलायचा थांबला. हे माझ्याकडे बघून पुटपुटले, "गेला हा."

मग आवाज आला. "दुपार अवघड असते बाई. ती हलतच नाही असं वाटतं, आणि हलत असते."

"ते तुम्ही बघा," बाई म्हणाल्या. "तालमी सोमवारपासून. वेळेवर या." आणि दोरी खुंटीला लावून निघून गेल्या. कंपनीचं नाव त्यांनी काढलं नाही.

भाऊजी खाली आले. आम्ही तिघं बाहेर पडलो. तीन-साडेतीनचं ऊन रस्त्यावर पसरलं होतं, दुकानांची शटरं अर्धी खाली, एक कुत्रं बंद हातगाडीच्या सावलीत झोपलेलं. हे नाटकाबद्दल बोलत होते, मी हो-हो म्हणत होते. थोडं पुढे गेल्यावर लक्षात आलं की आपण दोघंच चालतो आहोत. मागे वळून बघितलं, तर भाऊजी रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि हातगाडीची सावली कुत्र्याच्या शेपटीवरून केव्हा सरकते, ते बघत होते.